बेलफास्टहून परतीची बस

डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारच्या आमच्या घरात माझं गोलकीपरचं सामान वाळत घालायला जागा नव्हती, आणि न वाळवता ठेवलं तर घरात पाहुणा बसवायची सोय राहत नसे. पायांना बांधायचे गादीसारखे जाड पॅड जिन्याच्या कठड्यावर, छातीचं चिलखत बाथरूमच्या दाराला, हातमोजे हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जिथं इतरांकडे टॉवेल असतात. वर माझ्या घामाचा वास आणि खाली आईच्या फोडणीचा. मोहरी तडतडली की छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागे आणि आई एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने नॅपकिन फडकवत त्याला वारा घाली. "शेजारी काय म्हणतील," हे वाक्य मी त्या स्वयंपाकघरात जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंही ऐकलं नसेल. शेजारी कधीच काही म्हणाले नाहीत. ते "ग्रँड", म्हणजे छान, म्हणायचे आणि कचऱ्याचा डबा ओढत आत जायचे. पण आमच्याकडे सकाळी नऊच्या आधी मिक्सर लागत नसे.

आज वाटतं, त्या घरात सगळेच सतत कान देऊन असायचे. बाबा भूलतज्ज्ञ. आधी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात होते, मग ट्रलीला. करार सहा महिन्यांचा, फार तर वर्षाचा. दर वेळी माझी शाळा बदलायला नको म्हणून आई आणि मी ओंगारला राहिलो, आणि ड्यूटी नसेल त्या शुक्रवारी बाबा चार तास गाडीत बसून यायचे. आई पुण्यात गणिताची शिक्षिका होती. इथं ती फक्त बाबांच्या परवान्यावर आलेली बायको होती, आणि हे ती कुणाला सांगत नसली तरी तिच्या भांडी घासण्यावरून कळायचं. बाबांनी नागरिकत्वाचा अर्ज केला होता. पासपोर्ट, दाखले, सगळे मूळ कागद पाकिटात घालून पाठवले होते आणि उत्तराची वाट बघणं चालू होतं. अर्जात चारित्र्य चांगलं असल्याबद्दल एक भाग होता. तेवढ्यापायी बाबा पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसने गाडी चालवायचे. दाराच्या फटीतून पत्र पडल्याचा आवाज आला की आई हातातलं टाकून बाहेर जायची, आणि पिझ्झाची जाहिरात घेऊन परत यायची.

अशा घरातल्या मुलीने आइस हॉकी खेळावं, याचं कारण अगदी साधं होतं. वर्गातली ईफा मला तिच्याबरोबर शाळेच्या हॉलमध्ये घेऊन गेली. चाकांचे स्केट घालून तिथं मुली खेळत होत्या. मी उशिरा आले होते, सगळं सामान वाटून झालं होतं, उरलं होतं ते फक्त गोलकीपरचं. ते माझ्या अंगावर चढवून तिथं शिकवणाऱ्या यानिसने मला जाळीसमोर उभं केलं आणि पहिलाच चेंडू माझ्या मुखवट्यावर आदळला. मी हलले नाही. घाबरून थिजले होते, पण त्याला ते धैर्य वाटलं.

यानिस लाटवियाचा. आम्ही त्याला नावानेच हाक मारायचो, तिथं तशीच पद्धत होती. त्याच्या देशात हा खेळ खेळून पोट भरणाऱ्यांची जी पहिली पिढी झाली त्यातला तो एक. आता दिवसा कोठारात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचा. फार बोलायचा नाही. गोल झाला की शिट्टी वाजवून विचारायचा, "कुठे बघत होतीस?" उत्तर खरं असेल तर पुढे जायचा, मी काही जुळवून सांगितलं तर पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. त्याला कसं कळतं, याचं मला तेव्हा नवल वाटे. आता मीच इतकी वर्षं मुली शिकवल्या आहेत. खोटं बोलणारी मुलगी उत्तर देताना आधी तुमच्याकडे बघते.

खरं बर्फ मात्र आमच्याकडे नव्हतं. पूर्ण मापाचं मैदान बेलफास्टला. एका रविवाराआड यानिसची व्हॅन आम्हाला तिकडे घेऊन जाई. बर्फावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मी पाठीवर पडले आणि वरचे दिवे बघत तशीच पडून राहिले. हॉलमध्ये चाकं कुरकुरायची; इथं पातं बर्फ कापत जातं त्याचा रेशीम फाडल्यासारखा आवाज होता. त्या आवाजासाठी मी पुढची चाळीस वर्षं दिली.

त्याच सुमारास आजोबा आले, बाबांचे वडील, तीन महिन्यांसाठी. कोल्हापूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर फिटर म्हणून काम केलं होतं. सोबत कांदालसणाची चटणी, भडंग आणि धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली स्वतःची कानस. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा स्केट उचलून पात्यावरून अंगठा फिरवला.

"ही धार कुणी लावली गं?"

मी इंग्रजीत सांगितलं की बेलफास्टच्या दुकानात मशीन आहे. मी त्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायचे आणि ते मराठीतच बोलायचे. आमचं अडत नसे.

"मशीन न्हवं, गाढव असंल. एका अंगानं जास्त घासलंय. म्हणून तू डावीकडं पडतीस."

मी डावीकडे पडते हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्यांनी स्केट शिकंज्यात धरला, तेलाचा गोल दगड घेतला आणि दुपारभर बसून दोन्ही कडा सारख्या केल्या. मधूनमधून पातं नाकासमोर धरून एक डोळा मिटून बघायचे. आई चहा घेऊन गेली तर म्हणाले, "असू दे तिथंच." त्या रविवारी मी डावीकडे पडले नाही.

सगळं बिनसलं ते एका फोनवर. बाबा ट्रलीहून रोज संध्याकाळी बोलायचे. मी सहज म्हणाले की बेलफास्टचं बर्फ या वेळी मऊ होतं. 

"बेलफास्ट?" बाबा म्हणाले. "आईला दे फोन."

आईला वाटत होतं की मैदान उत्तरेकडे कुठेतरी आहे, द्रोहेडाच्या पुढे, पण याच देशात. तिने परवानगीच्या कागदावर सही केली होती, त्यावर मैदानाचं नाव होतं, गावाचं नव्हतं. आणि वाटेत काही लागतही नाही. ना फाटक, ना चौकी. फक्त पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात. पण ते दुसरं राज्य होतं, इंग्लंडचं, आणि आमच्या निळ्या भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला वेगळा व्हिसा लागायचा. ईफाला लागत नव्हता, यानिसला लागत नव्हता. तो व्हिसा काढायचा तर बाबांचे मूळ कागद हवेत, आणि ते अर्जाबरोबर गेलेले. गंमत अशी की आजोबांच्या पर्यटक व्हिसावर इंग्लंडचीही मुभा होती. तीन महिन्यांसाठी आलेल्या म्हाताऱ्याला जे चालत होतं, ते तिथं राहणाऱ्या मला चालत नव्हतं.

बाबा ओरडले नाहीत. ते मला म्हणाले, "रेवा, परतीच्या वाटेवर कधीकधी बसमध्ये चढून कागद बघतात. माझ्याबरोबरच्या एकाला उतरवलं होतं. तुला उतरवलं तर पुढे काय होईल ते मला खरंच माहीत नाही. कागद येईपर्यंत तिकडे जायचं नाही." शेवटी म्हणाले, "प्लीज." बाबांनी मला प्लीज म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी यानिसलाही फोन केला. यानिस म्हणाला, माझी चूक, मी विचारायला हवं होतं, आता व्हॅनमध्ये घेणार नाही.

दीड महिना मी हॉलमध्ये चाकांवर खेळले. मग एका शनिवारी ईफाचा मेसेज आला. आमच्या दुसऱ्या गोलकीपरचं मनगट मोडलं होतं आणि उद्या बेलफास्टच्या मुलींशी सामना होता, वर्षभर ज्याची तयारी चालली होती तो. गोलकीपर नसेल तर सामना सोडावा लागणार होता. यानिसने तिला मला कळवायला सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने केलं होतं.

मी आजोबांकडे गेले. त्यांना बंदीचं काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर, असं बाबांचं म्हणणं. मी म्हणाले, उद्या सामना आहे, व्हॅनमध्ये जागा नाही, बसने जावं लागेल, एकटीला आई सोडणार नाही. हे सगळं मी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले. मराठीत बोलले की ते नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. आईला सांगितलं की सामना डब्लिनमध्येच एका हॉलमध्ये आहे आणि आजोबांना बघायचा आहे. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी रात्रीच इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

जाताना काही झालं नाही. मैदानाच्या दारात यानिसने मला बघितलं आणि तो थांबला.

"वडलांना माहीत आहे?"

"हो," मी म्हणाले. "आजोबा आलेत ना बरोबर."

त्याने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर." यानिसला ते पुरेसं वाटलं. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या सामन्याबद्दल माझ्यावर लिहिताना लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझी ओळख करून देताना तो सांगतात, कारण वर प्रेक्षकांत स्वीडनच्या एका संघाची प्रशिक्षक बसली होती आणि तिने माझं नाव वहीत लिहून घेतलं. मला आठवतं ते असं: प्रत्येक फटका मला येण्याआधी दिसत होता. आम्ही एका गोलने जिंकलो. मुली माझ्या अंगावर पडल्या. वर आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच, बाकीचे लोक बसले तरी.

परतीची बस दुपारची. आजोबा खिडकीशी, मी त्यांच्याशेजारी. माझी मोठी पिशवी बसच्या पोटात, स्केटची लहान पिशवी त्यांच्या मांडीवर. त्यांनी डबा उघडला, चटणीचा वास बसभर झाला, पुढच्या बाईने वळून बघितलं आणि मी त्यांना हळूच म्हणाले की डबा बंद करा. त्यांनी केला. पाट्यांवर परत किलोमीटर आले तेव्हा मी श्वास सोडला. आणि पंधरा मिनिटांनी बस हळू झाली, कडेला थांबली, आणि दोन गार्डा, म्हणजे तिकडचे पोलीस, आत चढले.

एक तरुण होता, दुसरा बाबांच्या वयाचा. मोठा आमच्या बाजूने येत होता. काहींना विचारत होता, काहींना नाही. कुणाला विचारतोय हे दिसत होतं. माझे कान तापले. अर्ज, चारित्र्याचा तो भाग, बाबांचं प्लीज. मी हेल्मेटच्या पट्ट्याने चपटे झालेले केस सारखे केले, जणू त्याने काही होणार होतं.

"आणि तू कुठे निघालीस?" त्याने मला विचारलं.

"घरी. ओंगारला," मी म्हणाले. माझ्या तोंडातून पश्चिम डब्लिनचं पोर बोललं. "मॅच होती वर बेलफास्टला."

"जिंकलात का?"

"जिंकलो."

"ग्रँड." त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मग त्याची नजर आजोबांवर गेली. "हे तुझ्याबरोबर आहेत?"

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. यानिस शिकवायचा की चांगल्या गोलकीपरचा हात डोक्याला विचारत नाही. मी म्हणाले, "नो."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला पासपोर्ट काढून दिला. गार्डाने व्हिसा बघितला, मान हलवली, आणि विचारलं की डब्लिनमध्ये कुठे राहता. आजोबांना ओंगारचा पत्ता पाठ होता. पहिल्याच आठवड्यात आईने तो त्यांच्याकडून घोकून घेतला होता. ते म्हणाले, "सन. डॉक्टर." गार्डाने पुन्हा विचारलं, पत्ता काय. आजोबा गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर गार्डा सभ्यपणे म्हणाला, जरा खाली या.

ते स्केटची पिशवी घेऊनच उतरले. मी खिडकीतून बघत होते. वारा होता, त्यांची कानटोपी बसमध्ये राहिली होती. तरुण गार्डाने पिशवी उघडली, आतून माझे स्केट निघाले, मग तेलाचा दगड, मग कानस. काचेतून ऐकू येत नव्हतं. आजोबांनी दगड हातात घेऊन हवेत पात्यावरून फिरवल्यासारखं करून दाखवलं. मग पाकिटातून बाबांचं हॉस्पिटलचं कार्ड काढून दिलं, ट्रलीचं, परतीचं तिकीट दिलं. मोठा गार्डा रेडिओवर बोलला. दहा मिनिटं लागली असतील. बसमधली माणसं घड्याळं बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "काय केलंय काय त्याने?" मी उतरू शकले असते. दार उघडंच होतं.

आजोबा परत आले ते माझ्याजवळ बसले नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या रिकाम्या सीटवर बसले, डब्लिन येईपर्यंत. मला वाटलं ते रागावले. ते शेवटपर्यंत माझं खोटं सांभाळत होते हे मला ओंगारला जायच्या ट्रेनमध्ये कळलं. कारण तिथं, गार्डा नाहीत, बस नाही, असं बघून ते माझ्यासमोर येऊन बसले आणि डबा उघडून म्हणाले, "खा आता. सकाळपासनं काय पोटात न्हाई."

घरी आईने विचारलं, "कसा झाला सामना?" आजोबा बूट काढत म्हणाले, "तिला इचार." मी सांगितलं. बेलफास्ट सांगितलं, बस सांगितली, गार्डा सांगितले. एक शब्द सोडून सगळं. आई पायरीवर बसली.  आजोबांना म्हणाली, "मामंजी, तुम्हाला थंडी वाजली असेल," आणि आत जाऊन चहा टाकला. फोडणी नव्हती की काही नव्हतं, तरी मला तो भोंगा वाजावा असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा रजा काढून आले. मला समोर बसवून त्यांनी पहिल्यापासून सांगायला लावलं, पेशंटला विचारतात तसं, शांतपणे. मग म्हणाले, "तुम्ही शेजारी बसला होतात."

"हो."

"मग त्यांना उतरवलं आणि तुला कसं काही विचारलं नाही?"

मग मला तो शब्द सांगावा लागला. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अर्जाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मग उठून आजोबांच्या खोलीत गेले व दार लावून घेतलं.  बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यानंतर कितीतरी आठवडे ते माझ्याशी अगदी नीट वागले, आणि ते मला सोसत नव्हतं.

यानिसला मी त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. त्याने मुलींना धावायला पाठवलं आणि मला बाकावर बसवून स्वतःचं सांगितलं. त्याच्या उजव्या डोळ्याला खेळताना काठी लागली होती, त्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं त्याने पाठ केली आणि अर्धा मोसम तसाच खेळला. एक दिवस उजवीकडून आलेला माणूस त्याला दिसला नाही, तो थेट यानिसच्या मागे उभ्या असलेल्या पोरावर आदळला, आणि त्या पोराचा पाय कायमचा गेला. "मी खरं सांगायला त्याच्याकडे गेलो तेव्हा वर्ष उलटलं होतं," तो म्हणाला. "तू दुसऱ्या दिवशी आलीस. बरं केलंस. आता पुढच्या वर्षापर्यंत तू सामना खेळायचा नाहीस." मी खेळले नाही. चेंडू आणून देणं, पाणी भरणं, लहान मुलींना पॅड बांधून देणं, हेच केलं. शिकवणं मला तिथंच आवडायला लागलं असं मी मुलाखतीत सांगते, आणि ते खरं आहे. फक्त कारण सांगत नाही.

कागद दोन वर्षांनी आले. बाबांनी किलार्नीला नागरिकत्वाच्या समारंभात उभं राहून शपथ घेतली, मग माझेही झाले. स्वीडनच्या त्या बाईंनी मधल्या काळात दोनदा यानिसला विचारलं होतं, ती जाळीतली मुलगी कुठे गेली. बायकांना या खेळावर जगता येऊ लागलं ती पहिलीच वर्षं होती, त्यातलं एक छोटं कंत्राट मला मिळालं. पुढचं सगळं त्यातून आलं.

आजोबा त्या सामन्यानंतर तीनच आठवडे होते. रोज शेडमध्ये बसायचे. माझे स्केट वापरात नव्हते, तरी त्यांनी धार लावून, तेल पुसून, फडक्यात बांधून ठेवले. निघायच्या आदल्या दुपारी मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. माफी मागायला कुठला मराठी शब्द असतो हे मी आईला विचारून आले होते, पण तो तोंडातून निघेना. मी त्यांना इंग्रजीतच सॉरी म्हणाले. बसमध्ये मी जे बोलले त्याबद्दल.

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "काय बोललीस काय म्हाईत. मला कुठं इंग्रजी येतंय, बाळा."